आपलं झाकलं, बाईंचं सांगितलं

बाई गेल्याची खबर आली तेव्हा मी गुऱ्हाळावर होतो. काहिलीतला रस उकळून वर आला होता, मळी काढून झाली होती, पाक आता येतो का मग येतो अशी घडी होती, आणि बांधावरनं गाडीवानाची हाक आली, "तात्या, कराडच्या बाई गेल्या! बाबूभाई पिंजाऱ्यानं सांगावा धाडलाय, लगोलग चला!" मी गुळव्या माणूस. उभा जन्म लोकांच्या गुऱ्हाळावर पाक बघण्यात गेला. पाक येत असताना गुळव्यानं काहिलीपासून हलायचं नाही, घरात मढं पडलं तरी काहील उतरवून मग जायचं, असा आमच्यात नेम आहे. मी हललो नाही. पण नुसतं उभं राहून काय उपयोग, नजर रसात नव्हतीच... पाक पुढं गेला आणि त्या दिवशीचा गूळ काळाठिक्कर उतरला. मालक भला माणूस. म्हणाला, "जाऊ द्या तात्या, जनावरांना घालू. तुमी निगा." माझ्या हातनं गूळ बिघडायची ती पहिलीच वेळ.

त्याला आता दीड महिना झाला. बाईंच्याबद्दल कुणी शिकल्यासवरल्या माणसानं लिहायला पाहिजे होतं. मी मराठी दुसरीतनं शाळा सोडलेला. पण शिकलेली माणसं लिहितील त्यात एक गोष्ट येणार नाही, कारण ती त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

बाईंचं नाव यमुनाबाई. कराडात एका बोळात बाबूभाईचं कापूस पिंजायचं दुकान आहे, त्याच्या माडीवर एका खोलीत राहायच्या. सांगलीच्या एका सेवामंडळानं त्यांना नेमलं होतं. ज्या घरात डोक्यानं बिघडलेलं माणूस आहे त्या घरी जायचं, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण असं घर सापडायला तर पाहिजे! आपल्याकडं माणसं कर्ज सांगतील, खरूज सांगतील, पण हे सांगायची नाहीत. एकदा 'त्येंच्यात येड हाय' असं भावकीत झालं की त्या घरची पोरगी कुणी करत नाही, त्या घरात कुणी पाणी पीत नाही. मग माणसं येड्याला गोठ्यात झाकतात, माळ्यावर झाकतात, कुणी लांबच्या देवाच्या दारात सोडून येतात आणि गावात सांगतात, पाहुण्यांकडं गेलाय. बाईंना हे सगळं पाठ होतं. त्या कुठल्याही घरात जाऊन 'तुमच्यात कोण आजारी आहे' असं विचारायच्या नाहीत. ओसरीवर बसायच्या, ज्वारी निवडायला घ्यायच्या, घटकाभरानं म्हणायच्या, "भूक लागली बघा." आणि भाकरी मागायची ती त्या आजारी बाईच्या हातचीच. बाकीच्यांच्या देखत, तिच्या हातची भाकरी, मिठाचा खडा आणि कांदा. बस्स. इतकंच त्यांचं औषध, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं.

आमच्या घरात त्या लढाईच्या काळात आल्या. आमचा एकुलता एक दत्तू पलटणीत होता. त्याची पत्रं यायची बंद झाली, मग तार आली की बेपत्ता आहे. आमच्या मंडळींनी, हौसानं, त्या तारेला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "बेपत्ता म्हंजे यायचा हाय." दुसऱ्या दिवसापासनं ती सडकेच्या कडेला जाऊन बसायला लागली. मोटार आली की उठायची, खाकी कपड्यातला कुणी उतरला की त्याच्या तोंडावरनं हात फिरवायची. पोस्टमनलासुद्धा सोडला नाही. पहिल्यांदा लोक हळहळले, मग हसायला लागले. पोरं मोठ्यानं ओरडायची, "म्हातारे, दत्तू आला, दत्तू आला!" आणि ती धावायची. रात्री जेवायला वाढलं की एक ताट जास्त वाढायची आणि त्या ताटाशी बोलत बसायची. देवऋषी झाला, अंगारे झाले, लिंबू उतरून टाकले. एका दिवशी ती पळत्या मोटारीच्या पुढं उभी राहिली. ड्रायव्हरनं कचकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. त्या दिवशी मी तिला गोठ्यात नेली आणि म्हशीच्या शेजारी दावणीच्या खुंट्याला बांधली. दाव्यानं. दोन्ही हात.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गावाला म्हणालो, भावाकडं धाडलीय, हवापालटाला. तिकडं तिच्या भावाला म्हणालो, बरी आहे. अकरा दिवस ती गोठ्यात होती. मी दोन वक्त भाकरी कालवून तिला भरवायचो, आणि मनात म्हणायचो की मी किती करतोय हिचं.

बाईंना पोस्टमननं सांगितलं असावं. एका दुपारी दारात उभ्या. तांबडी पायवाट तुडवून आलेल्या, हातात काळी छत्री. मी म्हणालो, "मंडळी घरी न्हाईत." बाई म्हणाल्या, "असू दे. पाणी प्यायला द्याल ना?" मी पाण्याला आत वळलो तोवर त्या सरळ गोठ्यात. मी मागनं धावलो. वाटलं आता ही बाई कालवा करणार, पोलीस बोलावणार. बाई हौसापुढं शेणामातीत बसल्या होत्या. घरातलं सूप कधी उचललं होतं कुणास ठाऊक, त्यात मूठ-दोन मूठ ज्वारी. "हौसाबाई," त्या म्हणाल्या, "मला चष्म्याशिवाय खडे दिसत नाहीत. जरा निवडून द्याल?" हौसा त्यांच्याकडं बघत राहिली. मग बाई माझ्याकडं वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तात्या, त्या हातांनी कशी निवडणार?"

मी दावं सोडलं. हौसानं सूप मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली, आणि थोड्या वेळानं बाईंना म्हणाली, "ह्यो काय खडा न्हाई, कणी हाय. तुमास्नी येवढंबी कळंना?" अकरा दिवसांत तिचं ते पहिलं सरळ बोलणं.

त्यानंतर बाई दर आठवड्याला यायच्या. सांगलीच्या डॉक्टरकडं नेली, झोपेचं औषध आणलं, ते मोजून कसं द्यायचं ते मला शिकवलं. पण सगळ्यात अवघड काम त्यांनी मला लावलं. म्हणाल्या, "तात्या, त्या सडकेवर बसतात, तुम्ही कधी शेजारी जाऊन बसलात?" मी म्हणालो, "म्या? लोकं म्हणतील दोगंबी येडी झाली." "म्हणू देत की." मग बसलो. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी मोटार आली, कुणी उतरलं नाही, मोटार गेली, आणि हौसा माझ्याकडं न बघता म्हणाली, "न्हाई येत आता त्यो." आणि आम्ही दोघं सडकेच्या कडेला बसून रडलो. तार आल्यापासनं मी तोवर रडलो नव्हतो.

बरी झाली, म्हणजे एकदम नाही. मध्ये दिवाळीत पुन्हा बिघडली. पुन्हा ते जास्तीचं ताट, पुन्हा सडक. माझा धीर सुटला. एका देवस्थानात अशी माणसं साखळीला बांधून ठेवून घेतात असं ऐकलं होतं. तिथं तिला सोडायची असं ठरवून मी तिला बैलगाडीत घालून निघालो, तर वाटेत बाई भेटल्या. मी चिडून म्हणालो, "बाई, बास करा तुमचं. येडं झालेलं मानूस शाणं झालेलं कुणी बगितलंय का?" बाईंनी मला गाडीपासनं लांब नेलं. छत्री मिटली. म्हणाल्या, "तुम्ही बघताय की आत्ता." मला कळेना. "मी तीन वर्षं वेड्यांच्या इस्पितळात होते, तात्या. बाळंतपणानंतर. मूल राहिलं नाही, आणि मी अंगावरचे कपडे फाडायला लागले. यजमानांनी तिथं पोचवलं आणि दुसरं लग्न केलं. बरी झाल्यावर न्यायला कुणी आलं नाही. बरी झालेली अजून आठ महिने तिथंच राहिले." मग म्हणाल्या, "हे तुमच्यापाशी ठेवा. मंडळातही कुणाला ठाऊक नाही. कळलं तर मला एकही घर आत घेणार नाही." मी हौसाला घेऊन घरी परतलो. ते गुपित सात वर्षं माझ्यापाशी राहिलं. हौसालासुद्धा सांगितलं नाही.

हौसा नंतर चांगली पाच वर्षं नांदली. बाई आल्या की हौसा चुलीपुढनं ओरडायची, "आल्या का! तुमास्नी भाकरी थापाय येत न्हाई म्हणून ह्यो धंदा काडलाय व्हय?" बाई म्हणायच्या, "खरंच येत नाही, हौसाबाई. माझी भाकरी तव्यावर जाईतो तिचे चार तुकडे होतात." दोघी हसायच्या. तीन पावसाळ्यांमागं हौसा तापानं गेली. शहाणीसुरती गेली. शेवटी म्हणाली, "म्हस येलीय, चीक बाईंना द्या."

आता ते सांगतो.

माझ्या मावसभावाचं गाव कृष्णेच्या पलीकडच्या अंगाला. घर ऊसवाल्यांचं, तालेवार. त्यांची सून सखू, रहिमतपूरची पोर, पहिल्या बाळंतपणानंतर बोलायची बंद झाली. पोर अंगावर घेईना. बाई तिथं दोन महिने जात होत्या. सखू पोराला घ्यायला लागली होती, भाकरी थापायला लागली होती. पण सासूला, आनसावयनीला, घाई झाली होती. सुनेला माहेरी घालवायची आणि लेकाचं दुसरं लगीन करायचं. त्यासाठी घरात बैठक ठरली. बाई माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "तात्या, तुम्ही त्यांच्या नात्यातले. तुमचा शब्द तिथं पडेल. यायचं, आणि खरं काय ते सांगायचं. माणूस सावरतं म्हणून सांगायचं." मी म्हणालो, "येतो की."

बैठकीत सगळे पुरुष सोप्यात, बाया आतल्या दाराशी. बाई एका बाजूला सखूच्या हातची भाकरी खात बसल्या होत्या, मांडीवर सखूचं पोर. आनसावयनी दाराआडनं म्हणाली, "येडीच्या पोटची पैदास येडीच निगायची. आमच्या घरात हे चालायचं न्हाई." कुणीतरी म्हणालं, "येडं कवा शाणं झालंय?" आणि बाईंनी माझ्याकडं बघितलं.

बाईंनी कशासाठी बघितलं हे मला तेव्हाच कळलं होतं. न कळायला मी काय पोर होतो? मी हौसाचं सांगावं म्हणून बघितलं. माझ्या घरात असं झालं, मी असं केलं, आणि माझी बायको सावरली. पण त्या घरात मी सात वर्षं सांगत आलो होतो की हौसा त्या साली भावाकडं हवापालटाला होती. आता भावकीपुढं कसं म्हणू, की माझी बायको येडी होती आणि मी तिला म्हशीशेजारी बांधली होती? घराची अब्रू... आणि तोंड तर उघडलं होतं. मला पहिल्यापासनं फटकन् बोलायची खोड. मी म्हणालो, "कवा शाणं झालंय म्हणता? ह्या बाई बगा की! तीन वर्षं येड्याच्या इस्पितळात व्हत्या ह्या. आज बगून सांगाल का कुणी?"

मला वाटलं मी जिंकलो. मग आनसावयनी बाहेर आली. चारचौघांत पुरुषांपुढं कधी न येणारी बाई, पण आली, आणि बाईंच्या मांडीवरचं पोर उचललं. "म्हंजे आजवर येडीच येडीला शाणपन शिकवत व्हती व्हय भावजी?" मला म्हणाली. एक-दोघं हसले. सखू चुलीपाशी उभी होती, तिचं तोंड पांढरंफटक पडलं. बाईंनी उरलेली भाकरी संपवली. घाई केली नाही. ताट स्वतः घासलं, पालथं घातलं आणि म्हणाल्या, "येते मी."

वाटेत मी मागं मागं. "बाई, चूक झाली. म्या घरोघर जातो, सांगतो खोटं बोललो म्हणून." बाई चालतच होत्या. नदीच्या उतारापाशी आल्यावर थांबल्या. "खोटं कशाला सांगता? खरं आहे ते. पण ते माझं होतं, तात्या. सांगायचं तर मी सांगायचं होतं." मग म्हणाल्या, "हौसाबाईंचं का नाही सांगितलंत?"

मी खाली बघत उताराला लागलो.

पुढं जे व्हायचं ते झालं. बातमी बाईंच्या आधी गावोगाव पोचली. ज्या ओसऱ्यांवर त्यांना घोंगडं अंथरलं जायचं तिथं दारं लागली. सेवामंडळाचं पत्र आलं, की तूर्त खेड्यात फिरू नये, लोकांचा गैरसमज होतो. सखूला तिच्या बापाच्या घरी घालवलं, पोर ठेवून घेतलं. मंडळाचं काम बंद झालं, तरी बाई आपल्या आपण गाडीनं रहिमतपूरला जायच्या, सखूपाशी बसायच्या. बाकी दिवस खोलीत. बाजाराच्या दिवशी माडीचं दार सताड उघडं ठेवून बसायच्या, की कुणी खेड्यातनं आलं तर येईल. बाबूभाई म्हणतो, "तात्या, आदी धा-धा मानसं यायची. मग म्हयन्यातनं एक." मी जायचो. त्या मला चहा द्यायच्या, गुळाचा भाव विचारायच्या. राग एकदाही दाखवला नाही. दाखवला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी काहील उतरवून मी कराडात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बाबूभाईनं बांबू, मडकं, सगळं आणून ठेवलं होतं. पण बाई अजून तशाच पलंगावर. आंघोळ कोण घालणार? बोळातल्या बाया जिन्याच्या तळाशी पदर तोंडाला लावून उभ्या. एकमेकींना ढोसत होत्या, पण पाऊल उचलत नव्हत्या. एक हळूच म्हणाली, "येड्याच्या अंगचं वारं ऱ्हातंय म्हणं घरात." बाबूभाई चिडला, "आगं, सात वर्सं तुमच्या पोरास्नी ती शेकवत व्हती, तवा न्हाई लागलं वारं?" पण तो परक्या जातीचा पुरुष, मी पुरुष, आम्ही काय करणार... तेवढ्यात सखू आली. बाजाराचा दिवस होता, अलीकडं दर बाजारी बाईंना भेटायला यायची तशी आईला घेऊन गाडीनं आलेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. जिन्यात गर्दी बघून ती थांबली, मग बायांना बाजूला सारून वर गेली. थोड्या वेळानं वरनं तिचा आवाज आला, चांगला खणखणीत, "पाणी तापवा कुणीतरी!" दोन वर्षांपूर्वी ही पोर बोलत नव्हती. बाया मग एकेक करून वर चढल्या.

संगमावर आम्ही पाचजण होतो. अग्नी मी दिला.

खोली आता रिकामी आहे. घरमालकाला भाडेकरू मिळत नाही, येडी राहायची म्हणून. मी बाजाराच्या दिवशी बाबूभाईकडनं किल्ली घेतो, वर जातो, झाडलोट करतो आणि दार उघडं ठेवून बसतो. गेल्या बाजारी एक माणूस जिन्यावर येऊन उभा राहिला. कोयनेच्या खोऱ्यातला, डोक्याला मुंडासं, पायात काही नाही. म्हणाला, "येड्याचं बगनाऱ्या बाई हितंच असत्यात का?" मी म्हणालो, "गेल्या त्या." त्यानं मान हलवली आणि वळला. जिन्याच्या तळाशी एक तरणी पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी होती, हात पदराखाली. पदराखालनं दोरीचं टोक दिसत होतं.

"थांबा पाव्हणं," मी म्हणालो. तो थांबला. "ती कोन तुमची?" असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. आणि म्हणालो, "माझी बायकू येडी झाली व्हती. म्या तिला गोठ्यात बांदली व्हती, अकरा दिस. ह्या बाईंनी सोडवाय लावली. पुढं पाच वर्सं ती ब्येस नांदली."

तो दोन पायऱ्या वर आला, माझ्याकडं नीट बघितलं. मग खाली उतरला, पोरीचे हात सोडले, आणि दोरी जिन्याच्या पायरीवर ठेवून तिला म्हणाला, "चल गं वर. ह्ये आपल्यातलंच हायती."